सैल नाडीचे कार्ड: कॉर्सेटच्या एका स्टिरिओ छायाचित्राची नोंद कशी बदलली

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या मध्य भागातील एका लहान गावच्या संग्रहालयाला तिथल्याच एका कुटुंबाने एक लाकडी पेटी भेट दिली. पेटीत ब्रूस्टर पद्धतीचा, म्हणजे बंद डब्यासारखा आणि दोन भिंगांचा स्टिरिओस्कोप, म्हणजे छायाचित्र खोलीसह दाखवणारे उपकरण, होता, सोबत शेजारी-शेजारी दोन जवळजवळ सारखी छायाचित्रे चिकटवलेली साठ-एक कार्डे होती आणि तळाशी एक चिकटवलेला लिफाफा होता. बहुतेक कार्डे गिरिजाघरांची, धबधब्यांची आणि आल्प्सची होती. डझनभर कार्डांचा विषय मात्र स्त्रियांचा पोशाख हा होता. पुढल्या हंगामात संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांच्या कपड्यांचे छोटे प्रदर्शन भरणार होते, त्यामुळे ही पेटी अगदी वेळेवर आल्यासारखे सर्वांना वाटले. नोंदी आणि फलकांचा मजकूर तपासण्याचे काम माझ्याकडे बाहेरून सोपवण्यात आले. संग्रहालयाची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील या लेखातून वगळले आहेत.

प्रकरण समजण्यासाठी माध्यमाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण ६३ मिलिमीटर अंतर असते, आणि त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचे दृश्य किंचित वेगळ्या कोनातून दिसते. हे दोन कोन दोन चित्रांत पकडून ज्याचे त्याच डोळ्याला दाखवले, तर सपाट कागदावर खोली, म्हणजे वस्तू पुढे-मागे असल्याचा भास, उभी राहते, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये आरशांच्या उपकरणाने सिद्ध केले. डेव्हिड ब्रूस्टरने १८४९ मध्ये आरशांऐवजी भिंगे वापरून ते उपकरण हातात धरण्याजोगे केले, पॅरिसच्या ड्युबॉस्कने त्याचे उत्पादन हाती घेतले, आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला ते आवडल्यावर मागणी झपाट्याने वाढली. १८५४ मध्ये जॉर्ज स्वॉन नॉटेजने सुरू केलेली लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी एकही घर स्टिरिओस्कोपवाचून असू नये अशी जाहिरात करत असे, आणि १८५८ पर्यंत आपल्या यादीत लाखभर दृश्ये असल्याचे सांगत असे.

नेमक्या याच काळात, १८५६ मध्ये, झग्याला घेर देण्यासाठी आत घालायच्या पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचे पेटंट घेतले गेले. एकावर एक घातलेल्या जाड परकरांऐवजी हलका पिंजरा आला आणि झग्याचा घेर भराभर वाढत गेला. ज्या फॅशनचे सारे सामर्थ्य तिच्या घनफळात होते, ती घनफळ दाखवणाऱ्या उपकरणाच्या समोर आली. साध्या छायाचित्रात क्रिनोलिन घातलेली स्त्री त्रिकोणासारखी दिसते. स्टिरिओस्कोपमध्ये तोच घेर प्रेक्षकाच्या दिशेने पुढे सरकतो आणि खोलीतल्या खुर्च्यांची जागा व्यापतो. विनोदी दृश्ये रचणाऱ्या छायाचित्रकारांना ही पर्वणीच होती. लंडनच्या आल्फ्रेड सिल्व्हेस्टरने क्रिनोलिन बाहेर काढून ठेवल्याशिवाय ऑम्निबसमध्ये, म्हणजे घोड्यांच्या प्रवासी गाडीत, बसू न देणारा कंडक्टर दाखवला. मोलकरणी लांब काठ्यांनी झगा उचलून बाईच्या डोक्यावरून पिंजऱ्यावर उतरवीत आहेत, अशी दृश्येही त्या काळी खूप खपली.

अडचण

प्रदर्शनाचे मध्यवर्ती आकर्षण म्हणून संग्रहालयाने पेटीतले एक कार्ड निवडले होते. त्यात शयनगृहात एक तरुणी पलंगाचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी आहे आणि मागे तिचा नवरा तिच्या पाठीला पाय लावून कॉर्सेटची, म्हणजे कंबर आवळणाऱ्या ताठ आतल्या कपड्याची, नाडी सर्व ताकदीनिशी ओढतो आहे. कार्डाचा डावा अर्धा भाग मोठा करून भिंतभर लावायचा, असे ठरले होते. मसुद्यात लिहिले होते की हे १८५५ च्या सुमाराचे घरगुती दृश्य आहे, या स्त्रीची कंबर १६ इंचांपर्यंत आवळली आहे आणि त्या काळच्या स्त्रियांना रोज सकाळी हेच भोगावे लागे.

तारीख, दृश्याचे स्वरूप आणि कमरेचे माप हे तीनही दावे प्रत्यक्षात एकाच गृहीतावर उभे होते. स्टिरिओस्कोप १८५० च्या दशकातला, म्हणून पेटीतले सगळे त्याच दशकातले. आणि छायाचित्र आहे, म्हणजे तसे घडले असणारच. मसुदा लिहिणाऱ्या शिक्षण अधिकाऱ्यांचा हेतू प्रामाणिक होता. कॉर्सेटने स्त्रियांच्या शरीरावर आणि हालचालींवर बंधने आणली ही गोष्ट खरीच आहे, आणि ती शाळकरी मुलांच्या मनावर ठसावी अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी आधाराला घेतलेला पुरावा मात्र ते ओझे पेलणारा नव्हता.

लिफाफ्याचा प्रश्न निराळा होता. त्यात अर्धवस्त्र स्त्रियांची चार फ्रेंच कार्डे निघाली. त्यांपैकी तीन कार्डांत नाही, पण एका कार्डात कॉर्सेट होता, त्यामुळे ती प्रदर्शनाच्या विषयाच्या बाहेरची आहेत असे म्हणून मोकळे होता येईना.

समोरचे पर्याय

मसुदा तसाच ठेवून फक्त तारखेआधी 'सुमारे' घालणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होता, आणि पोस्टर छापखान्यात गेलेले असल्याने विश्वस्तांपैकी काहींना तो बराही वाटत होता. कार्डच काढून टाकणे हा दुसरा मार्ग. एका विश्वस्त बाईंचे म्हणणे असे होते की दृश्य बनावट असेल, तर त्याला भिंतीवर जागा कशाला द्यायची. तिसरा मार्ग कार्ड ठेवून ते विनोदी म्हणून मांडण्याचा होता, आणि तो मला सुरुवातीपासून पटत होता. पण त्यासाठी दृश्य रचलेले आहे हे प्रेक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवे होते. फलकावर आमच्या शब्दाखातर ते लिहिणे म्हणजे एका ठाम विधानाच्या जागी दुसरे ठाम विधान आणून बसवणे झाले असते.

तेव्हा आधी पुरावा तपासायचा आणि निवड त्यानंतर करायची, असे ठरले. प्रदर्शनाच्या तोंडावर हा निर्णय घेणे सोपे नव्हते. त्याचे श्रेय अभिरक्षक बाईंना जाते, कारण उशीर झाल्यास उत्तर त्यांनाच द्यावे लागणार होते.

पुठ्ठा काय सांगतो

पहिली तपासणी छायाचित्राची नव्हती, ते ज्यावर चिकटवले होते त्या पुठ्ठ्याची होती. १८५० च्या दशकातील आणि १८६० च्या सुरुवातीच्या स्टिरिओ कार्डांचे पुठ्ठे पातळ, सपाट, फिक्या रंगाचे आणि काटकोनी कोपऱ्यांचे असतात. कोपरे गोल करण्याची पद्धत १८६० च्या दशकाच्या अखेरीस रुळली, आणि पुठ्ठा किंचित वाकवून वक्र करण्याची रीत १८८० च्या आसपास आली. नाडी ओढण्याचे कार्ड राखाडी, जाड, वक्र आणि गोल कोपऱ्यांचे होते. त्यावर प्रकाशकाचे नाव नव्हते.

पेटीतच आणखी एक खूण मिळाली. क्रिनोलिनची सपाट कार्डे खालच्या कडेला घासून मऊ झाली होती, कारण ब्रूस्टरच्या डब्यातील खाचेत ती वर्षानुवर्षे सरकवली गेली होती. वक्र कार्डांच्या कडा मात्र कोऱ्या होत्या. ती त्या खाचेत नीट बसतच नव्हती. म्हणजे ती दुसऱ्या कुठल्या तरी, बहुधा ऑलिव्हर वेंडेल होम्सने १८६१ च्या सुमारास रचलेल्या उघड्या आणि दांडीच्या नमुन्याच्या उपकरणात पाहिली गेली आणि पुढे कोणीतरी दोन पिढ्यांचा ठेवा एका पेटीत घातला.

पुठ्ठ्यावरून मात्र केवळ ठसा, म्हणजे छायाचित्राची कागदावरची प्रत, केव्हा काढला एवढेच कळते. जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून तीस वर्षांनी नवा ठसा काढून तो नव्या पुठ्ठ्यावर विकण्याचा धंदा सर्रास चालत असे. १८५५ ची तारीख खोडायची, तर पुठ्ठ्याशी संबंध नसलेला दुसरा पुरावा हवा होता, आणि तो त्या तरुणीच्या अंगावर होता.

कॉर्सेट काय सांगतो

क्रिनोलिनच्या काळातला कॉर्सेट आखूड असतो. नितंब घेराखाली झाकले जात असल्यामुळे त्यांना आकार देण्याची गरज नव्हती, म्हणून तो कमरेच्या थोडा खाली संपतो. १८७० च्या दशकात अंगाला घट्ट बसणारे झगे आले तसा तो लांबत गेला, आणि १९०० च्या सुमारास पुढून सरळ, खाली लांबवर उतरणारा नमुना आला, ज्याने छाती पुढे आणि नितंब मागे ढकलले जात. मोजे ताणून धरणारे पट्टे कॉर्सेटलाच जोडण्याची पद्धतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. कार्डातल्या तरुणीचा कॉर्सेट पुढून सरळ आणि लांब होता, आणि त्याच्या खालच्या काठापासून दोन पट्टे लोंबत असलेले भिंगाखाली स्पष्ट दिसत होते. १८५५ मध्ये असा कॉर्सेट कोणाकडे असणे शक्य नव्हते. छायाचित्र १९०० च्या आसपासचे होते आणि मसुद्यातील तारीख चाळीसहून अधिक वर्षांनी मागे गेली होती.

दृश्य रोजचे होते का, या प्रश्नाचे उत्तरही कपड्याच्या रचनेतच होते. पुढून आकड्यांनी उघडणारी पोलादी पट्टी १८२० च्या दशकाच्या अखेरीस निघाली आणि शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास वापरात आली. तेव्हापासून बाई मागची नाडी सैल करून पुढून कॉर्सेट बंद करी आणि कमरेजवळ सोडलेले नाडीचे फासे स्वतःच दोन्ही बाजूंनी ओढून पुढे बांधी. मोलकरणीसुद्धा कॉर्सेट घालत. मार्केट हार्बरोच्या सिमिंग्टन कारखान्याने खास त्यांच्यासाठी स्वस्त नमुना काढला होता, आणि त्यांच्या पाठीशी नाडी ओढायला पहाटे कोण येणार होते? पाठीला पाय लावून ओढण्याचा विनोद अठराव्या शतकातील व्यंगचित्रांतून चालत आलेला आहे. स्टिरिओ कार्डांनी तो तिथून उचलला आणि त्याला खोली दिली.

उपकरणातून पाहिल्यावर

आतापर्यंत संग्रहालयात कोणीही ते कार्ड स्टिरिओस्कोपमधून पाहिले नव्हते. पडद्यावर डावा अर्धा भाग मोठा करून पाहिला गेला होता, आणि पोस्टरही त्यावरूनच तयार झाले होते. वक्र कार्डे बसतील असे उपकरण शेजारच्या शहरातील एका संग्राहकाकडून उसने आणण्यात आले.

सपाट प्रतिमेत नवऱ्याचा बूट बायकोच्या पाठीवर रोवलेला दिसतो. उपकरणातून पाहताच तो बूट पाठीपासून सुटून चांगला वीतभर अलीकडे, हवेत थांबलेला दिसतो. नाडीही तशीच: सपाट चित्रात ती ताणलेली सरळ रेष वाटते, कारण छायाचित्रकाराने कॅमेरा बरोबर तिच्या पातळीत लावला होता, उपकरणातून पाहिली तर ती त्याच्या मुठीपासून निघून प्रेक्षकाच्या बाजूला झोल खाते आणि मग कॉर्सेटच्या छिद्रांत शिरते. मागची खिडकी, तिचा पडदा आणि पडद्यामागची बाग ही तिन्ही एकाच पातळीत चिकटलेली आहेत, म्हणजे कापडावर रंगवलेली आहेत. पलंगाचा खांब खरा आहे, पण खांबापलीकडे पलंग नाही.

अभिरक्षक बाईंनी डोळे लावले आणि त्या मोठ्याने हसल्या. माझ्या दृष्टीने प्रकरणाची दिशा तिथेच ठरली. शंभरेक वर्षांपूर्वी हे कार्ड विकत घेणाऱ्याकडून जो प्रतिसाद अपेक्षित होता, तो पहिल्यांदाच त्याला मिळाला होता.

राहता राहिले कमरेचे माप. छायाचित्रात फेरफार झाला असावा अशी शंका एकाने काढली, कारण व्यक्तिचित्रांत कंबर घासून बारीक करण्याची युक्ती त्या काळी जुनी झाली होती. स्टिरिओ कार्डात ही लबाडी अवघड जाते. एका अर्ध्यात कड घासली आणि दुसऱ्यात तंतोतंत तेवढीच घासली नाही, तर दोन डोळ्यांना मिळणाऱ्या कडा जुळत नाहीत आणि ती जागा पाहताना लुकलुकते. या कार्डात कंबर स्थिर होती, म्हणजे फेरफार नव्हता. तरीही १६ इंचांचा आकडा टिकत नव्हता. तो काढताना समोरून दिसणारी रुंदी डोक्याच्या उंचीशी ताडून पाहिली होती, आणि तिथेच पाणी मुरत होते. कॉर्सेट घातल्यावर कंबर बारीक होते तशीच तिचा लंबगोल छेद अधिक गोल होतो. बाजू आत जातात आणि पुढली-मागली जाडी तितकी कमी होत नाही. समोरून अरुंद दिसणाऱ्या कमरेचा घेर त्यामुळे अंदाजापेक्षा जास्त भरतो. ही जाडी स्टिरिओस्कोपमध्ये डोळ्यांना दिसतेच. शिवाय पाठीकडे कॉर्सेटच्या दोन कडांमध्ये दोन-तीन बोटांची फट उघडी होती, म्हणजे कॉर्सेटचे माप आणि कमरेचे माप एक धरताच येत नव्हते. जपून राहिलेल्या कॉर्सेटांची मापे घेणाऱ्या अभ्यासकांना बहुतेक नग २० ते २६ इंचांचे आढळले आहेत, आणि १८ इंचांचे अगदी विरळ.

लिफाफ्यातील कार्डे

या चार कार्डांवर चर्चा लांबली, निर्णय मात्र लवकर झाला. ब्रिटनमध्ये १८५७ मध्ये अश्लील प्रकाशनांविरुद्ध कायदा झाला, त्यामागे लंडनच्या हॉलीवेल स्ट्रीटवरील अशा मालाचा व्यापार होता. फ्रान्समध्ये फेलिक्स-जाक मूलँला अशाच छायाचित्रांसाठी १८५१ मध्ये तुरुंगवास झाला, आणि १८७४ मध्ये लंडनच्या हेन्री हेलरवर धाड पडली तेव्हा १ लाख ३० हजारांहून अधिक छायाचित्रे आणि ५,००० स्टिरिओ काचा पोलिसांच्या हाती लागल्या. कॉर्सेटचे छायाचित्र घेणे या धंद्याच्या सीमेवरचे काम होते, आणि नाडी ओढण्याचे 'घरगुती' दृश्य दिवाणखान्यात ठेवता येण्याजोगे का होते, ते या शेजारामुळेच कळते: विनोदाच्या आडून उघडे खांदे पाहण्याची मुभा मिळत होती. तरी चित्रांतील स्त्रियांनी कोणत्या परिस्थितीत पोझ दिली हे आम्हाला सांगता येणार नव्हते आणि शाळांचे गट येणार होते, म्हणून कार्डे मांडली नाहीत. नोंदवहीत मात्र ती पूर्ण वर्णनासह चढवली.

कोणती कृती झाली

भिंतीवरचे मोठे चित्र रद्द झाले. त्याऐवजी कार्डाची हुबेहूब प्रत एका साध्या उपकरणात बसवून प्रेक्षकांसाठी उघडी ठेवली, मूळ कार्ड काचेखाली गेले, आणि शेजारी संग्रहालयाच्या स्वतःच्या साठ्यातला १९०० च्या सुमाराचा कॉर्सेट मापासह ठेवला. फलकावर फक्त तारीख, दृश्य स्टुडिओत रचल्याची माहिती आणि 'बूट कुठे आहे ते पाहा' एवढी सूचना उरली.

बंधनांचा विषय सोडला नाही. त्यासाठी लेडी क्लेमेंटिना हॉवर्डनची छायाचित्रे निवडली. तिने आयर्लंडमधील डंड्रम येथे १८५७ च्या सुमारास छायाचित्रण सुरू केले तेव्हा स्टिरिओ दृश्ये घेतली होती, आणि पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील घरात स्वतःच्या मुलींना खिडकीच्या उजेडात उभे करून १८६५ मधील मृत्यूपर्यंत ती काम करत राहिली. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला १९३९ मध्ये मिळालेल्या तिच्या ७७५ छायाचित्रांतील काहींत मुली वरचा झगा न घालता, आतल्या पोशाखात दिसतात. तीही रचलेलीच दृश्ये आहेत, पण ती विक्रीसाठी नव्हती आणि त्यांत कोणी कोणाची थट्टा करत नाही. घेराच्या रुंदीमुळे दोन बहिणींना एकमेकींपासून किती दूर उभे राहावे लागते, हे या चित्रांत कोणत्याही विनोदी कार्डापेक्षा स्पष्ट कळते.

निष्पत्ती

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडले. उपकरणाभोवती मुलांची गर्दी झाली, आणि बूट हवेत असल्याचे पहिल्याने ओरडून सांगितल्यावर दुसऱ्याला ते स्वतः शोधण्याचा आनंद मिळेना, ही अडचण शिक्षकांनी लवकरच लक्षात आणून दिली. काही प्रेक्षकांना दोन प्रतिमा जुळवताच येत नव्हत्या. दोन्ही डोळ्यांनी खोली न जाणवणारी माणसे प्रत्येक समूहात थोडी असतातच. त्यांच्यासाठी डावी-उजवी प्रतिमा आलटून पालटून दाखवणारा छोटा पडदा नंतर जोडावा लागला.

पोस्टरवरून १८५५ हा आकडा वेळेत निघाला, चित्र मात्र तेच राहिले. त्याहून वाईट गोष्ट अशी की आधीच धाडलेल्या प्रसिद्धिपत्रकात १६ इंचांची कंबर होती, आणि स्थानिक बातमीत ती तशीच छापून आली. दुरुस्तीचे पत्र पाठवले, पण प्रेक्षक बातमी वाचून येत आणि ती कंबर कुठे आहे असे विचारत.

वेगळे काय करता आले असते

लेखी मजकुराचे सर्व टप्पे संपण्याआधी प्रसिद्धिपत्रक बाहेर जाऊ देणे टाळता आले असते. पेटी आल्याच्या आठवड्यात प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंची, कडांसह, छायाचित्रे घेतली असती, तर वक्र आणि सपाट कार्डांतला फरक मसुदा लिहिण्याआधीच कोणाच्याही ध्यानात आला असता; त्यासाठी तज्ज्ञाची गरज नव्हती. देणगीदार कुटुंबाशी दुसऱ्यांदा बोलणे राहून गेले. वक्र कार्डे त्या पेटीत कोणी आणि केव्हा घातली, हे घरातल्या सर्वांत वयस्कर आजींना कदाचित ठाऊक होते.

कार्ड काढून टाका म्हणणाऱ्या विश्वस्त बाईंच्या आक्षेपात तथ्य होते, असे मला अजूनही वाटते. हसणाऱ्या प्रेक्षकांपैकी किती जण हॉवर्डनच्या भिंतीपर्यंत पोहोचले, हे पाहण्याची सोय आम्ही केली नव्हती, आणि ती चित्रे आधी व उपकरण नंतर अशी मांडणी केली असती तर थट्टेचा सूर थोडा उतरला असता. नोंदवहीत आता ठशाचा काळ आणि दृश्याचा काळ असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि पेटीतल्या उरलेल्या कार्डांची फेरतपासणी त्या रकान्यांप्रमाणे सुरू झाली आहे. आल्प्सच्या कार्डांपैकीही काही वक्र निघाली आहेत.